मदत हवी आहे: ब्लूगिल या गोड्या पाण्यातल्या माशाचे नर-मादी सप्टेंबरात कसे ओळखायचे?

ओहायोत घरामागच्या तळ्यात फक्त नर ब्लूगिल ठेवायचे आहेत, नाहीतर पिल्लांची गर्दी होऊन सगळेच खुरटतात. मासे ५-६ इंची. विणीच्या हंगामात गडद अंग नि तांबूस-नारिंगी छाती तो नर, फिकट पिवळसर छाती ती मादी, एवढं कळतं. पण आता रंग उतरलेत. बादलीत टाकले की आणखी फिके पडतात, म्हणून जाळ्यातून काढताक्षणीच बघतो. त्यात मादीचं सोंग घेणारे छोटे नर, ते वेगळेच! पोट हलकं दाबून पाहिलं. अंडी नाहीत, मिल्टही (नराचं वीर्य) नाही. ग्रीन सनफिश या जवळच्या जातीच्या माशाशी झालेला संकर वाटत नाही: तोंड लहान, कानाचं टोक (कल्ल्याच्या झाकणाचं मागचं टोक) पूर्ण काळं. मासा न मारता, जननछिद्राच्या आकारावरून आत्ता खात्रीने निवड होईल का, की मे-जूनपर्यंत थांबावं?