मदत हवी आहे: ग्रॅव्हिटी मॉडेलवर पीएचडी करणं आता शिळं झालंय का?

नमस्कार मंडळी,

आंतरराष्ट्रीय व्यापारातल्या पीएचडीचा आराखडा महिन्याभरात द्यायचाय आणि विषयावरच गाडी अडलीय. ग्रॅव्हिटी मॉडेल, म्हणजे दोन देशांतला व्यापार त्यांच्या अर्थव्यवस्थांच्या आकारावरून आणि मधल्या अंतरावरून मांडणारं सूत्र, घ्यायचं ठरवलं होतं. मार्गदर्शक म्हणाले, "टिनबर्गननी १९६२ मध्येच मांडलंय, तू नवीन काय सांगणार?" बोलती बंद.

मग वाचत सुटलो. २००३ मध्ये अर्थतज्ज्ञ मेलित्झने प्रश्न देशावरून कंपनीवर आणला: निर्यात मोजक्याच कंपन्या का करतात? चीन २००१ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत आला. त्याचा अमेरिकेतल्या नोकऱ्यांवर काय परिणाम झाला, यावर ऑटर, डॉर्न आणि हॅन्सन यांच्या २०१३ च्या निबंधानंतर रांगच लागली. आणि २०१८ च्या अमेरिका-चीन आयातशुल्कांपासून जो तो पुरवठासाखळीच्या मागे. मलाही तोच प्रश्न खुणावतोय: चिनी माल तिसऱ्या देशातून वळून अमेरिकेत जातोय का?

पण कॉमट्रेड या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार-संचातून सहा अंकी एचएस कोडची (वस्तूंच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या क्रमांकांची) आकडेवारी उतरवली आणि हबकलोच. जिथे तिथे शून्य. शून्याचा लॉग (लॉगॅरिदम) निघत नाही, त्यामुळे लॉग घेतला की देशांच्या त्या जोड्या गायब! एक मिळवून लॉग घेतला तर चालेल का? शिवाय २०१७ आणि २०२२ मध्ये कोड बदललेत. चीनने दाखवलेली निर्यात आणि अमेरिकेने दाखवलेली आयातही जुळत नाही.

प्रतिसाद १:
एक मिळवू नका. डॉलरऐवजी हजार डॉलर घेतले तरी उत्तर बदलेल, मग त्याला अर्थ काय? पीपीएमएल ही अंदाज काढण्याची सांख्यिकी पद्धत वापरा, तिच्यात लॉग न घेता मूळ आकडेच वापरतात, म्हणून शून्यं टिकतात. सांतोस सिल्वा आणि टेनरेरो यांचा २००६ चा निबंध आधी वाचा. निर्यातदार-वर्ष आणि आयातदार-वर्ष फिक्स्ड इफेक्ट्स (त्या देशाचं त्या वर्षीचं सगळं वेगळेपण वेगळं काढणारे घटक) विसरू नका, परीक्षक पहिलं तेच विचारतात. आकडे न जुळण्याचं एक कारण साधं आहे: आयात सहसा सीआयएफ, म्हणजे भाडं-विमा धरून, निर्यात एफओबी, म्हणजे ते न धरता. सेपी या फ्रेंच संशोधन संस्थेच्या बासी नावाच्या आकडेवारी-संचात ते बरंचसं जुळवून मिळतं. कोडसाठी जुळणीतक्ते आहेत, सगळं जुन्या आवृत्तीवर आणा.

खरी मेख पुढे आहे. आयात मूळ देशाच्या नावावर नोंदली जाते. तिसऱ्या देशात नुसतं खोकं बदललं की खरंच काही घडवलं, हे या आकड्यांत दिसणार नाही. त्यासाठी ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेचे मूल्यवर्धनाचे तक्ते (मालाच्या किमतीत कोणत्या देशाने किती भर घातली ते दाखवणारे) लागतील, पण ते उद्योगवार असतात, वस्तूवार नाहीत.

धागाकर्ता:
म्हणजे मॉडेल शिळं नाही, माझा प्रश्नच ढोबळ होता. एकच उद्योग घेऊन दोन्ही आकडेवारी शेजारी ठेवली तर? इलेक्ट्रॉनिक्स घ्यावं की कापड?