मदत हवी आहे: जैसलमेरात रहायचं कुठं, जेवायचं कुठं?
मंडळी, डिसेंबरात आई-बाबांना घेऊन कोल्हापुरातनं जैसलमेरला निघालोय, 3 दिवस हातात. 1156 चा सोनार किल्ला (आत अजून लोक राहतात, हे मला लई भारी वाटतं), गडीसर तलाव हे फिक्स हाय, पण सम गावची वाळू (वाळवंटातले वाळूचे ढीग) जैसलमेरपासनं 40 किमीवर, मग तिथं तंबूत रात्र काढावी की सूर्यास्त बघून परत यावं? बाबांचे गुडघे दुखतात, उंट उठताना मागनं आधी उचलतो, त्याचीच भीती. आईला केर सांगरी (तिकडची भाजी) खायचीय, मी तांबड्या रश्श्यावर वाढलेला, मला लाल मांस (तिकडचं तिखट मटण) पायजे, नुसत्या दाल बाटीवर भागत नाही ओ. गच्चीवरनं किल्ला दिसणारं, दोन्ही मिळणारं हॉटेल सांगा की कुणीतरी. आणि रात्री स्वेटर पुरतो का जाड जॅकेटच घेऊ?