लिहिणाऱ्याला जुनं माणूस पुन्हा भेटतं तेव्हा : सांगली-साताऱ्याकडचे अनुभव

आपल्या भागात लिहिणारी माणसं पुष्कळ. कुणी शाळेत शिकवतं, कुणी सोसायटीत सचिव असतं, कुणी छापखान्यात मुद्रितं तपासतं आणि रात्री जेवणं उरकली की वही काढतं. यातल्या बऱ्याच जणांचं लेखन पहिल्यांदा वाचलेलं असतं ते त्या वयातल्या प्रेमाच्या माणसानं. संपादक, परीक्षक ही मंडळी फार नंतर येतात. पुढं लग्नं दुसरीकडं झाली, गावं बदलली. लेखन सुटलं नाही आणि त्यावर पोटही भरलं नाही. अशात ते माणूस पुन्हा समोर आलं तर काय होतं, हे मला ऐकायचंय. काय बोलणं झालं, लेखनावर काय परिणाम झाला, घरात काय झालं, मोकळेपणानं लिहा. नावं नकोत, गाव सांगितलंत तरी पुरे. सुरुवात मी करतो.

मी सांगलीचा, गावभागातला. विलिंग्डन कॉलेजात होतो तेव्हा ती बरोबर होती. ती हरिपूरची. वडिलांची हळदीची अडत, आणि हरिपुरात पेवं. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो : पेव म्हणजे जमिनीत खोल खणलेलं हळदीचं कोठार. तोंड माणूस उतरेल एवढंच, आत ऐसपैस. तिथल्या मातीत हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. २००५ च्या महापुराचं पाणी पेवांत शिरलं आणि तो व्यवहारच मोडला. आता माल गोदामात आणि शीतगृहात जातो.

मी लिहिलेलं ती संगमेश्वराच्या घाटावर बसून वाचायची. छान आहे असं कधी म्हणाली नाही. "हा माणूस असं बोलणार नाही," एवढंच म्हणायची, आणि नेमकं तेच वाक्य मलाही आतून खटकत असायचं. पुढं तिला इचलकरंजीला दिलं. कारणं नेहमीचीच : जात, माझ्या हाताला नोकरी नाही, आणि तिच्या घरच्यांना घाई.

मग मी मुद्रितं तपासली, शिकवण्या घेतल्या. मे-जूनमध्ये दिवाळी अंकांना कथा धाडायची आणि गणपतीपर्यंत उत्तराची वाट बघायची. छापून आली तर अंक घरी येतो, मानधन येईलच असं नाही. एका प्रकाशकानं संग्रह स्वीकारला आणि पाठोपाठ कळवलं की छपाईचा निम्मा खर्च लेखकानं द्यायचा, बदल्यात प्रती घ्यायच्या. शिकवण्या घेणाऱ्या माणसानं ते पैसे आणायचे कुठून? संग्रह कपाटात राहिला. याचा राग मला आजही येतो.

औदुंबरला दर संक्रांतीला साहित्य संमेलन भरतं. १९३९ पासूनची परंपरा आहे, कवी सुधांशूंनी आणि त्यांच्या सोबत्यांनी सुरू केलेली. दत्ताचं देऊळ, कृष्णेचा घाट आणि आसपासच्या गावांतून आलेले ऐकणारे. तिथं मांडवाच्या कडेला उभा होतो, तर मागून आवाज आला, "आप्पांवर लिहिलंस."

नमस्कार नाही, कसा आहेस नाही. दिवाळी अंकातली माझी अडत्याची गोष्ट तिनं वाचली होती. मी म्हटलं, "हो. चिडलीस?"

"चिडायचं काय त्यात? पण पेव उघडलं की आप्पा आधी दोरीला कंदील बांधून आत सोडायचे. विझला तर कुणाला उतरू द्यायचे नाहीत. आत हवा नसते. हमाल कटकट करायचे, खोळंबा होतोय म्हणून. तरी नाही. तो कंदील का नाही घेतलास? त्याशिवाय आप्पा कळत नाहीत."

मग तिळगूळ दिला, आणि शेजारी उभ्या असलेल्या मुलीला म्हणाली, "हे माझ्या वर्गातले. गोष्टी लिहितात." मुलगी कविता वाचायला आली होती.

घरी येऊन ती गोष्ट मी पुन्हा लिहायला घेतली. कंदिलाचं पान आता तिच्यात आहे आणि त्या पानामुळंच ती उभी राहिली, हे माझं ठाम मत आहे. जिवंत माणसांवर लिहिताना मनात एक भीती असते. त्या माणसाच्या लेकीनं समोर येऊन आणखी एक गोष्ट हातात द्यावी, याहून मोठं मला काही मिळालेलं नाही. आता तुमचे अनुभव येऊ देत.

मिरजेहून

मी दुसऱ्या बाजूनं लिहिते. तो लिहायचा आणि मी एकांकिकांत काम करायचे. माझं लग्न मुंबईत झालं. तो इथंच राहिला, झेरॉक्सचं दुकान टाकलं आणि दुकानात बसून नाटकं लिहिली. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली मराठी नाटक उभं केलं ते आमच्या सांगलीत, याचा इथल्या प्रत्येक हौशी कलावंताला अभिमान असतो. त्याला जरा जास्तच होता.

माहेरी आले असताना भावे नाट्यमंदिरात त्याच्या नाटकाचा प्रयोग आहे असं कळलं. मिस्टरांना घेऊन गेले. दुसऱ्या अंकात स्टेशनाचा प्रसंग आहे. गाडी सुटताना बाई खिडकीतून म्हणते, "पाण्याची बाटली तुझ्याकडंच राहिली." हे वाक्य माझं आहे. मिरज जंक्शनवर मी म्हटलेलं. प्रेक्षक गप्प झाले होते, शेजारी मिस्टर डोळे पुसत होते, आणि माझ्या अंगाचा नुसता संताप झाला होता.

प्रयोग संपल्यावर मेकअपच्या खोलीत गेले. तो मला बघून उभाच राहिला. मी म्हटलं, वाक्य चांगलं वापरलंस, पण ते माझं होतं, विचारायला पाहिजे होतंस. तो म्हणाला, "पत्ता नव्हता." मी म्हटलं, माझ्या आईचा पत्ता बदललेला नाही, ब्राह्मणपुरीतच राहते ती.

धागा काढणाऱ्या दादांना कंदील मिळाला, त्याचा आनंद आहे. पण ज्याच्यावर लिहिलं जातं त्याला नेहमी आनंदच होतो असं नाही. लेखकाची ओढाताण मला दिसते, तो कष्टानं लिहितो हेही दिसतं. तरी माझ्या आयुष्यातला तो क्षण माझाही आहे.

तासगावहून

बेदाण्याच्या सौद्याला गेलो होतो, तिथं ती आणि तिचे मालक भेटले. तिनं विचारलं, "लिहितोस का अजून?" मी हो म्हटलं. मालक म्हणाले, "त्यात मिळतं काय?" मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "मिळत असतं तर सगळ्यांनीच लिहिलं असतं." एवढंच. मला ते पुरलं.

सांगलीवाडीहून

ऑगस्ट २०१९ चा पूर. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, ४५ फूट ही धोक्याची पातळी. आमच्या घराचा तळमजला पाण्यात होता. आईला, जनावरांना काढण्यात सगळा जीव गेला, वह्या कोण काढणार? पाणी ओसरल्यावर ट्रंक उघडली. शाई सगळी पसरून पानांचा निळा लगदा झालेला. कॉलेजपासून लिहिलेल्या कथा त्यात गेल्या. नगर वाचनालयाची भिजलेली पुस्तकं बाहेर काढलेली पाहिली तेव्हा मला रडू आलं, माझ्या वह्यांसाठी आलं नव्हतं.

तेव्हा पुण्याहून तिचा फोन आला. पुराच्या बातम्या पाहून कुणाकुणाकडून नंबर मिळवलेला. घर, आई, सगळं विचारलं आणि मग म्हणाली, "कथा?" मी गेल्या म्हणून सांगितलं.

मी तेव्हा तिला पत्रातून कथा लिहून पाठवायचो. वेगळा कागद घ्यायचा नाही, पत्र लिहितालिहिता गोष्ट सुरू. ती पत्रं तिनं ठेवली होती. पत्रं देणार नाही म्हणाली, कथा देते. काही दिवसांनी कुरिअरनं जाडजूड पाकीट आलं. प्रत्येक पानाची झेरॉक्स, आणि जिथं जिथं कथा सोडून माझं तिच्याशी बोलणं होतं, तिथं पांढऱ्या कागदाची पट्टी ठेवून झेरॉक्स काढलेली. वाक्याच्या मध्यात पट्टी सुरू होते, मध्यातच संपते. एके ठिकाणी पट्टी हलली असावी, खालून "तू" एवढं अक्षर दिसतं.

तिच्या या वागण्याचं मला फार मोल वाटतं. जे माझं होतं ते तिनं मला दिलं आणि जे तिचं होतं ते ठेवून घेतलं. त्या पानांवरून कथा परत उतरवतोय. पट्टीखाली काय होतं ते मला आठवत नाही, आणि मी तिला विचारणारही नाही.

कवठेमहांकाळहून

मी लेखकाची बायको. सगळ्यांचे अनुभव वाचले आणि राहवलं नाही.

आमच्या यांच्या पुस्तकाच्या प्रकाशनाला त्या आल्या होत्या. हॉल साधाच, माणसं ओळखीची. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, पान उघडलं आणि उभ्या उभ्या वाचत राहिल्या. यांचं भाषणात लक्ष नव्हतं. पुढं त्या घरी आल्या, मी पोहे केले. त्या म्हणाल्या, "पहिली कथा मी वाचली होती, तेव्हाच वाटलं होतं हा लिहिणार." मला ते लागलं. पहिली कथा त्यांनी वाचली असेल. त्यानंतरची प्रत्येक कथा मी टाइप केलीय. यांचं अक्षर मला लागतं, दुसऱ्या कुणाला लागत नाही. साभार परत आलेली पाकिटं मी फोडलीत, यांच्या आधी. पगार अर्धा आला त्या महिन्यात पोस्टाची तिकिटं मी आणलीत.

हे सगळं मी त्यांना तोंडावर सांगितलं. यांनी मान खाली घातली. त्या मात्र उठून माझ्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मला हे करता आलं नसतं." खरं बोलल्या असं मला वाटलं. आता त्या फोन करतात तो मला करतात.

जतहून

मी वयानं तुमच्यात लहान. पहिली कादंबरी लिहून ठेवलीय, दुष्काळी भागातल्या चारा छावणीवर. पुस्तक काढायचं तर पैसे लागतील असं सगळेच सांगत होते, म्हणून कर्जाची चौकशी करायला बँकेत गेलो. टेबलापलीकडं ती. अभ्यासिकेत आम्ही एकत्र होतो, ती परीक्षा पास झाली, माझी राहिली, आणि नंतर बोलणं बंद झालं होतं.

तिनं फॉर्म हातात घेतला, कारण वाचलं आणि बाजूला ठेवला. म्हणाली, "कर्ज काढून पुस्तक छापू नकोस. हप्ता कादंबरी भरणार नाही, तुझे वडील भरतील." मग तिनंच मोबाइलवर शोधून दाखवलं की राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांसाठी योजना असते, पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनाला अनुदान देतात, त्यासाठी हस्तलिखित मागवतात. हे मंडळ १९६० सालचं, वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले अध्यक्ष, हे मला पाठ होतं, कारण परीक्षेला विचारतात. पण त्या मंडळाचा मला उपयोग होईल, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. हस्तलिखित पाठवलंय. निकाल आला की कळवतो. ती काही म्हणाली नाही, पण निघताना छावणीतल्या म्हशींचं ते प्रकरण आहे ना अजून, एवढं विचारलं.

साताऱ्याहून

मी टोपणनावानं लिहायचे, कारण सासरी ते चालण्यासारखं नव्हतं. छोटासा संग्रह निघाला तो मालक गेल्यानंतर, मुलानं पैसे घातले म्हणून. जानेवारी २०२६ मध्ये ९९वं मराठी साहित्य संमेलन आमच्या साताऱ्यात झालं. ग्रंथप्रदर्शनात ओळखीच्यांच्या गाळ्यावर माझं पुस्तक ठेवलं होतं, मी शेजारी खुर्चीवर.

एक गृहस्थ पुस्तक चाळायला लागले. चाळता चाळता थांबले. त्या पानावर साताऱ्यातल्या 'चार भिंती' स्मारकाच्या चढावर सायकल हातात धरून ढकलत नेणारा मुलगा आहे, सायकलला मागे एका मुलीचं दप्तर. ते म्हणाले, "हे तुम्ही लिहिलंय ना? तो चढ मी चढलोय." चेहऱ्यावरून मी त्यांना ओळखलं नव्हतं, आवाजावरून ओळखलं.

त्यांच्या मंडळी काही वर्षांपूर्वी गेल्या. आम्ही आता आठवड्यातून भेटतो, राजवाड्यापाशी. मुलाला सांगितलंय. सून खूश आहे, मुलगा अजून विचार करतोय, त्याला वेळ द्यायला हवा. मी दुसरा संग्रह लिहायला घेतलाय आणि यावेळी पुस्तकावर माझं खरं नाव असेल.

धागा काढणारा, सांगलीहून

कवठेमहांकाळच्या वहिनी, तुम्ही लिहिलंत ते सगळ्यांत आधी यायला हवं होतं. मी पहिल्या वाचकाबद्दल विचारलं, रोजच्या वाचकाबद्दल विचारलं नाही. त्यावर वेगळं लिहा, सविस्तर लिहा.

मिरजेच्या ताई, तुम्हाला एक खरंखुरं विचारतो, कारण मीही यात अडकलोय. मला कंदील मिळाला, पण उद्या कुणी म्हणालं, माझ्यावर लिहू नका, तर ती गोष्ट सोडून द्यायची का?

मिरजेहून, पुन्हा

सोडायची, किंवा ओळख लागणार नाही इतकी बदलायची. त्यानं दुसरं केलं. आता तो प्रसंग कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर घडतो, बाटलीचं वाक्य काढून टाकलंय आणि त्या जागी बाई काही बोलतच नाही, फक्त सुट्टे पैसे मोजते. नवा खर्डा त्यानं आधी मला पाठवला. मी दोन ठिकाणी खुणा केल्या, त्यातली एक त्यानं मानली आणि एक नाही मानली. न मानलेली जागा त्याचीच बरोबर होती. पुढच्या प्रयोगाला मिस्टरांनी स्वतः तिकिटं काढलीत.