मदत हवी आहे: आई हयात आहे, पण मूल आजीकडे, बालसंगोपन योजनेचा अर्ज कसा करावा?

नमस्कार. मी मराठवाड्यातील एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षक असून माझ्या चौथीच्या वर्गातील एका मुलीसाठी हे विचारत आहे.

मुलीचे वडील तीन वर्षांपूर्वी वारले. आईने दुसरे लग्न केले आणि ती परजिल्ह्यात राहते. मुलगी वडिलांच्या आईकडे असते. आजींचे वय सत्तरीच्या पुढे, आणि उत्पन्न म्हणजे निराधार योजनेचे अनुदान व जमेल तेव्हा केलेली खुरपणी. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेची (संस्थेऐवजी कुटुंबात वाढणाऱ्या गरजू मुलांसाठीची राज्याची योजना) मदत दरमहा ११०० रुपयांवरून २२५० रुपये झाली आहे, म्हणून आम्ही वडिलांच्या मृत्यूचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड, आधार, इतकेच काय, घरासमोर आजी-नातीचा फोटोसुद्धा काढून नेला. कार्यालयात पहिलाच प्रश्न आला, “आई आहे ना?” दुसऱ्या खेपेस सल्ला मिळाला की मुलीला बालगृहात घाला, तिथे सगळे मोफत होईल. आजी त्या दिवशी एसटीत एक शब्दही बोलल्या नाहीत.

२०१५ च्या बाल न्याय अधिनियमात मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानला आहे, आणि केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्येही कुटुंबात राहणाऱ्या मुलासाठी दरमहा ४००० रुपयांचे प्रायोजकत्व, म्हणजे संगोपनासाठी आर्थिक मदत, आहे. त्यासाठी ग्रामीण भागात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ७२,००० रुपये असून आजी तिच्या कितीतरी खाली आहेत. धोरण घराच्या बाजूने असताना टेबलावरचा सल्ला मात्र उलटा मिळतो, हे मला खटकते.

आईने लग्नानंतर मुलीची चौकशी केलेली नाही. अशा वेळी तिचे संमतिपत्र आणावेच लागते, की सरपंचांचा दाखला आणि गृहचौकशी अहवाल (घरी येऊन केलेल्या पाहणीचा अहवाल) पुरतो? अधिनियमाच्या कलम ३१ नुसार लोकसेवकही मुलाला बालकल्याण समितीपुढे (काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) हजर करू शकतो. तेव्हा मी शिक्षक या नात्याने मुलीला व आजींना घेऊन थेट समितीपुढे जाणे योग्य ठरेल का, की आधी जिल्हा बाल संरक्षण कक्षात अर्ज द्यावा? दोन्ही योजनांपैकी कोणती आधी मागावी, हेही कोणी स्वतः प्रकरण हाताळले असल्यास कृपया सांगावे.

जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे म्हणजे आजींची दिवसाची मजुरी बुडते, त्यामुळे एकाच खेपेत काम होईल अशी कागदपत्रांची यादी मिळाली तर फार बरे होईल.