मदत हवी आहे: हजेरीच्या रिपोर्टमध्ये रात्रपाळी थेट १९७० सालात

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. हजेरी मशीनचा रिपोर्ट एक्सेलमध्ये काढला की रात्रपाळीच्या सगळ्यांची सुटायची वेळ ०१/०१/१९७०, पहाटे ५:३० येते. मशीनच्या पडद्यावर मात्र त्याच माणसाची वेळ बरोबर, ०७:०२. दिवसपाळीला हा घोळ अजिबात नाही.

संगणक १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजतात आणि ५:३० हा ग्रीनिचपासूनचा आपला फरक, एवढं कळलंय. म्हणजे त्या रकान्यात शून्य जातंय.

मशीनचं घड्याळ, टाइम झोन, २४ तासांचा फॉरमॅट, सगळं तपासलं. सॉफ्टवेअरही पुन्हा टाकलं. सकाळच्या ७ मधून रात्रीचे ११ वजा करताना #### यायचं, ते मॉड सूत्राने सुटलं. मशीन नेटला जोडलेलं नाही, डेटा पेनड्राइव्हने आणतो. विक्रेता फोन उचलत नाही.

शनिवारी पगार वाटायचा असतो. कुणाचे तास अंदाजाने धरणं मला पटत नाही, घामाचे पैसे आहेत ते.

मध्यरात्री तारीख बदलल्यामुळे सॉफ्टवेअरला आत-बाहेरची जोडी लागत नसेल का? तसं असेल तर दिवस रात्री १२ ला न संपवता पुढे ढकलायची सेटिंग साधारण कुठे असते, आणि ती बदलल्यावर जुन्या नोंदी पुन्हा नीट काढता येतात का?