आलेख नंतर, आधी औषधाचा गजर

गुडघेरोपणानंतर घरी आलेल्या रुग्णाच्या अ‍ॅपमध्ये पहिल्याच पानावर प्रगतीचे आलेख हवेत, ही सूचना डॉक्टरांच्या सोयीची आहे, रुग्णाच्या नाही. ठणकता पाय घेऊन पलंगावर बसलेल्या माणसाला एवढंच हवं असतं: आत्ताची गोळी, आत्ताचा व्यायाम आणि काही बिनसलं तर फोन कुणाला. बटणं बोटाला सहज सापडतील अशी, किमान ४८ डीपी (अँड्रॉइडमधलं पडद्यावरचं माप) ठेवा.

खरी गोची औषधाच्या गजरात आहे. अँड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशनची परवानगी वेगळी मागावी लागते, १४ मध्ये अचूक वेळेच्या गजराची परवानगी नव्याने टाकलेल्या बहुतेक अ‍ॅपना आपोआप मिळत नाही. शिवाय फोन बंद करून चालू केला की अ‍ॅपने लावलेले गजर पुसले जातात. ते पुन्हा लावायचा कोड नसेल तर रात्रीची गोळी चुकलीच. म्हणून सगळ्या परवानग्या डिस्चार्जपूर्वी, वॉर्डातच तपासून एक गजर वाजवून बघा. (बॅटरी सेव्हरही बघा, तो अ‍ॅपला झोपवतो.)

ताप टाइप करायला लावू नका, १००.४ चं १००४ होतं. अधिक-उणे बटणं द्या, फॅरनहाइट ठळक लिहा. आणि पोटरीला सूज किंवा धाप अशी नोंद झाली तर ‘धन्यवाद’चा संदेश नको, थेट कॉलचं बटण हवं, नेट नसतानाही चालणारं.