भुऱ्या अन् ठमी नव्या घरी
(भुऱ्या कुत्रा, ठमी मांजर; घरच्या ग्रुपवरची चर्चा)

सोमवार

वर्षा, सकाळी ७.१०
सगळ्यांना नमस्कार जी. येत्या शुक्रवारी आम्ही नव्या घरी जात आहोत. नळ लागला, लाइट आली. प्रकाशभाऊजींच्या पिकअपच्या तीन फेऱ्यांत सामान जाईल. माझा प्रश्न सामानाचा नाही. भुऱ्या, ठमी आणि सात कोंबड्या कशा न्यायच्या? अंतर २२ किलोमीटर. ठमीला इथंच सोडून द्या असं कालपासून चार जणांनी सांगितलं. ते ऐकून धाकटी रात्री जेवली नाही. कोणी जनावरासकट घर बदललं असेल तर सांगा.

मोठी आई, सकाळी ७.३१
कुत्रं माणसाले धरून रायते, मांजर घराले. कुत्रं घेऊन जाय, मांजर राहू दे. नेली तरी ते परत पयून येते. आजूबाजूचे देतील तिले दूध.

वर्षा, सकाळी ७.३४
मोठी आई, घर राहणारच नाही. पावसाळ्याआधी छपराचे कवेलू उतरवायचे आहेत. ती कोणत्या घराला धरून राहील?

प्रकाश, सकाळी ८.०२
वयनी, पोत्यात घालायची अन् पोत्याचं तोंड बांधायचं. गाडीत मागं सामानावर ठेवतो. आमच्या बाबाजीनं असंच नेलं होतं. वाट दिसली नाही की मांजर परतत नाही म्हणतात.

नितीन, सकाळी ८.४०
मामा, पोतं नको. मे महिना आहे. आपल्या ब्रह्मपुरीकडं पारा ४५च्या पुढं जातो. मांजराला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, बंद पोत्यात ती तासाभरातही गुदमरू शकते. आणि डोळे बांधून काही होत नाही, मांजर फक्त डोळ्यांनी वाट ओळखत नाही. जनावरांच्या दवाखान्यात ड्युटीवर आहे, दुपारी नीट लिहितो.

प्रकाश, सकाळी ८.४३
मग झोपेची गोळी देली तर?

नितीन, सकाळी ८.४४
अजिबात नको. माणसाची कोणतीच गोळी नको. तापाची साधी पॅरासिटामॉलसुद्धा मांजराला विष आहे, अर्ध्या गोळीनं जीव जाऊ शकतो. हे ग्रुपवरच्या सगळ्यांनीच लक्षात ठेवा.

सुमनआत्या, दुपारी १.१५
वर्षा, मी बोलतो अन् नात लिवून देते. मोठं होईल, पण वाचजो.

१९८८ ले राजीव गांधी आले, गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन झालं. तवापासून गाव उठणार, गाव उठणार आयकत आमचं वय गेलं. अन् खरंच उठाची वेळ आली तवा आठ दिवसांत बंदं आवरावं लागलं. भाड्याचा ट्रॅक्टर, फेऱ्या मोजून. दारं काढली, मयाली काढल्या, फाटे काढले. मडकी मोजली, खाटा मोजल्या. मोतीले कोणी मोजलाच नाही. कुत्रं गावाचं असते म्हणे. मीबी तेच म्हटलं.

चवथ्या दिवशी मामाजी राह्यलेले कवेलू आनाले गेले. घराच्या नुसत्या भिंती उभ्या, वर आभाळ. अन् मोती आपल्या चुलीच्या राखेत मुटकुळं करून पडला होता. नाकापासून शेपटीपर्यंत राखेनं पांढरा. मामाजीनं शिदोरीतली अर्धी भाकर देली, ते खाल्ली त्यानं. शेपटी हालवली. ट्रॅक्टरवर चढवाले गेले तर अंग सोडवून परत चुलीत जाऊन बसला. चूल आहे म्हणजे ही बाई येईल, असंच वाटलं असंल त्याले. ट्रॅक्टरवाला घाई करत होता. पुढच्या फेरीले दोरी आनू म्हटलं. पुढच्या फेरीले चूल होती, मोती नव्हता.

नव्या गावठाणात चूल मांडली तवा माझ्यानं पेटवली नाही गेली. जाऊबाईनं पेटवली. इतकी वर्षं झाली, घरात कुत्रं नाही पाळलं मी.

म्हणून सांगतो, मागाहून नेऊ म्हणू नको. दोरी आन, डालं आन, काय पायजे ते आन. पन पहिल्या फेरीत ने त्याईले.

मोठी आई, दुपारी १.५०
सुमन, हे तू कधी सांगितलं नाही.

वर्षा, दुपारी १.५२
आत्याबाई, दोघंही पहिल्याच फेरीत जातील. शब्द देते.

नितीन, दुपारी ३.२०
सुमनआजी, तुम्ही सांगितलं ते मी दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला सांगेन. घरचं जनावर उपाशी-तहानलेलं राहील असं सोडून जाणं हा १९६०च्या कायद्यानं गुन्हा आहे. पण कायद्यानं जे कळत नाही ते तुमच्या बोलण्यानं कळतं.

वर्षामामी, आता कामाचं. ठमीचं काम शुक्रवारी नाही, आजपासूनच सुरू होतं. कोंबड्यांचं बांबूचं डालं किंवा भाजीचा प्लास्टिकचा क्रेट घ्या, त्यात ती ज्या वाकळीवर झोपते ती टाका आणि दाराशी ठेवून द्या. खाणं त्यातच द्या. वाकळ धुवायची नाही. त्या वासावरच तिला नवी जागा आपली वाटणार आहे. शुक्रवारपर्यंत ती आपणहून आत जाऊन बसेल. त्या दिवशी वरून दुसरा क्रेट उलटा ठेवून दोरीनं आवळायचा, हवा खेळती राहते.

नव्या घरात एक खोली गुरुवारीच तयार करा. सामानाची ये-जा होणार नाही अशी. टिन आणि भिंतीच्या मधली फट पोतं कोंबून बंद करा, मांजर तिथूनच निघतं. घमेल्यात रेती ठेवा आणि त्यात जुन्या अंगणातली दोन मुठी माती मिसळा. पहिले तीन-चार दिवस तीच खोली, मग हळूहळू बाकीचं घर. बाहेर मात्र दोन-तीन आठवडे सोडायचं नाही. मोठी आजी म्हणते तसं मांजर पळून जुन्या घरी येतं ते खरं आहे, पण ते लवकर सोडल्यामुळं. आणि खाणं नेहमी ठरल्या वेळेला, वाटी वाजवून. पुढं बाहेर सोडाल तेव्हा त्या वाटीच्या आवाजावर ती परत येईल.

निघायच्या आधी चार-पाच तास खायला नको, गाडीत ओकतात. पाणी चालेल. पहाटे साडेचारला निघा, ऊन चढायच्या आत पोचता.

दिलीप, संध्याकाळी ६.०५
भुऱ्याला मी पुढं माझ्या पायाशी घेऊन बसतो. मागं सामानात बांधणार नाही. नितीन, तिथं रात्री त्याला अंगणात साखळीनं बांधायचा विचार होता, नाही तर तो परत इकडं निघेल.

नितीन, संध्याकाळी ६.३०
मामा, अंगणात नाही. नवं घर जंगलाच्या कडेला आहे, बिबट तिथं फिरतो. बिबटाला कुत्रा सोपी शिकार. इथं भुऱ्याला पळायच्या वाटा ठाऊक होत्या, तिथं एकही नाही, आणि साखळीला बांधलेला तर जागचा हलू शकत नाही. रात्री घरात घ्या, दार लावा.

दुसरं, तिथल्या वस्तीवरच्या कुत्र्यांशी त्याची गाठ दाराशी पडू देऊ नका, झुंज होते. दोरीला धरून सकाळ-संध्याकाळ धानाच्या बांधीकडं न्या, लांबून एकमेकांचा वास घेऊ द्या. रेबीजची लस गेल्या जूनमध्ये टोचली होती, वर्ष भरत आलं. बुधवारी घेऊन या, टोचून देतो. आणि पट्ट्यावर तुमचा मोबाइल नंबर पक्क्या पेनानं लिहा. चुकला तर कोणी फोन तरी करेल.

वर्षा, संध्याकाळी ६.४१
आणि कोंबड्या?

मोठी आई, संध्याकाळी ६.५५
ते मी सांगतो. रातच्याले दांडीवर बसल्या की गपचूप उचलायच्या, डाल्याखाली घालायच्या. तिकडं चार दिवस कोंडूनच ठेवजो, मग सोडजो. नाही तर झाडावर बसतात अन् रानमांजर नेते.

शुक्रवार

प्रकाश, सकाळी ५.५०
पोचलो. पहिल्या फेरीत फक्त जनावरं, दादा, वयनी, पोट्टे अन् देवाचं सामान. ठमी वाटभर ओरडली, पन क्रेटमध्येच होती. मीच दोनदा गाडी थांबवून पाहिलं.

सुमनआत्या, सकाळी ५.५८
बरं केलं बाप्पा. लय बरं केलं.

शनिवार

वर्षा, रात्री ९.४०
ठमी काल सकाळपासून धान्याच्या कोठीमागं आहे. बाहेर येत नाही, खात नाही. धाकटी भिंतीशी पालथी पडून तिच्याशी बोलते आहे. ओढून काढू का?

नितीन, रात्री ९.४४
नाही. धाकटीला म्हणा बोल, पण हात घालू नको. कोठीजवळ पाणी आणि थोडं खाणं ठेवा, लाइट बंद करा, दार लावून झोपा. रात्री शांत झालं की येईल. उद्या रात्रीपर्यंत काहीच खाल्लं नाही तर मला फोन करा, मांजराला फार दिवस उपाशी ठेवता येत नाही.

दिलीप, रात्री ९.५१
भुऱ्या दारात बसून रस्त्याकडं पाहतो. मी बाजूला खाट टाकली आहे. भाकर माझ्या हातातून खाल्ली, ताटलीतून नाही.

रविवार

वर्षा, सकाळी ५.१२
वाटी रिकामी आहे! रेतीच्या घमेल्यात पायाचे ठसे आहेत. आणि ती आता वाकळीवर आहे, पाय पोटाशी घेऊन, एक कान दाराकडं. धाकटीला अजून उठवलं नाही. मी दारातच उभी आहे, हलले तर ती परत कोठीमागं जाईल.

मोठी आई, सकाळी ५.२०
हलू नको. तिले निजू दे.

सुमनआत्या, सकाळी ५.२६
वर्षा, उजाडलं की फोटो टाकजो. भुऱ्याचाबी.